अडीच युनिटांत मालवण

कॅम्पर व्हॅन भाड्याने देणाऱ्यांचे फोटो बघितलेत कधी? मागे निळा समुद्र, बाजूला माड, दार उघडं, आत पांढरीशुभ्र गादी आणि खाली यादी: एसी, फ्रीज, टीव्ही, मायक्रोवेव्ह, म्युझिक सिस्टीम. म्हणजे चक्क हॉटेललाच चाकं लावलीत! लंच ब्रेकमध्ये आपण तो फोटो ग्रुपवर टाकतो. तिघं अंगठा दाखवतात, चौथा विचारतो, "पर हेड किती पडेल?" पुढचा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. ह्या सगळ्याला लाइट कुठून येते?

घरी हा प्रश्न पडायचं कारणच नसतं. भिंतीतल्या बोर्डामागे अख्खं महावितरण उभं असतं. आपण बटण दाबायचं, महिन्याने बिल भरायचं, विषय संपला. व्हॅनमध्ये भिंतीच्या मागे कुणीच नसतं. सीटखाली एक बॅटरी असते, आणि तिच्यात जेवढं आहे तेवढंच आपलं. ते कसं येतं, कसं जातं आणि कुठे गळतं, हे समजलं तर मालवणची ट्रिप एकदम झकास होते. नाही समजलं, तर रात्री दोन वाजता पंखा थांबतो आणि मग कळतं.

आमच्या बाबतीत पंख्यापेक्षा फ्रीजचं टेन्शन जास्त होतं. आम्ही चौघं निघालो होतो. मी, धाकटा भाऊ, आई आणि बाबा. बाबा इन्सुलिन घेतात. प्रत्येक हॉटेलच्या रिसेप्शनवर "हे जरा फ्रीजमध्ये ठेवाल का?" म्हणत पिशवी द्यायची आणि सकाळी ती कोल्ड्रिंकच्या बाटल्यांमागून शोधून आणायची, ह्याचा त्यांना मनापासून कंटाळा आला होता. सीलबंद इन्सुलिन २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. वापरात असलेलं पेन काही आठवडे बाहेर चालतं, पण उन्हात बंद व्हॅनचा पारा दुपारी चाळिशी सहज ओलांडतो. म्हणून 'स्वतःचा फ्रीज' हीच आमची व्हॅन घेण्यामागची खरी लालूच. चार दिवस तो फ्रीज एकदाही बंद पडता कामा नये, एवढी एकच अट बाबांनी घातली.

दोन बॅटऱ्या, दोन स्वभाव

व्हॅन ताब्यात घेताना तिच्या माणसाने पहिल्यांदा दाखवल्या त्या दोन बॅटऱ्या. एक पुढे, बॉनेटमध्ये. ती गाडीची. तिचं काम म्हणजे किल्ली फिरवल्यावर काही सेकंद जबरदस्त करंट देऊन इंजिन उठवणं. हा शंभर मीटर धावणारा पैलवान. त्याला मॅरेथॉन पळवलं, म्हणजे रात्रभर दिवे-पंखे लावून पिळून काढलं, तर तो थोड्याच दिवसांत आडवा होतो.

दुसरी मागे, सीटखाली. ती घराची. थोडा थोडा करंट तासन् तास देत राहणं हा तिचा स्वभाव. आपल्याकडे लोडशेडिंगच्या काळात घरोघरी इन्व्हर्टरखाली जी ट्युब्युलर बॅटरी आली, तीही ह्याच जातीची. तिच्यात प्रॉब्लेम दोन. एक, ती निम्म्यापेक्षा जास्त उतरवली की तिचं आयुष्य भराभर कमी होतं. दोन, चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन सुटतो आणि आत अॅसिड असतं, त्यामुळे तिला हवेशीर, बंदिस्त कप्पा लागतो. झोपायच्या गादीखाली ती नकोच. आमच्या व्हॅनमध्ये लिथियम आयर्न फॉस्फेटची होती. वजनाने हलकी, आणि ८० टक्क्यांपर्यंत निर्धास्त वापरता येणारी. अर्थात महाग.

ह्या दोघींमध्ये एक दार असतं. इंजिन चालू असताना ते उघडतं आणि मागची बॅटरी भरते, इंजिन बंद झालं की मिटतं. त्यामुळे रात्री तुम्ही मागची बॅटरी तळापर्यंत नेलीत तरी सकाळी गाडी स्टार्ट होतेच. जुन्या व्हॅनमध्ये ह्या दाराच्या जागी साधा रिले असतो. नव्यांमध्ये डीसी टू डीसी चार्जर असतो. लिथियमला तोच हवा, कारण ही बॅटरी इतक्या हावरटपणे करंट ओढते की थेट जोडली तर इंजिनवरचा अल्टरनेटर तापून निकामी होऊ शकतो. चार्जर तिला सांगतो, "बाई, रांगेत ये. तीस अॅम्पिअर मिळतील, जास्त नाही."

बाबांचं पासबुक

बाबा आयुष्यभर बँकेत होते. बॅटरीवर लिहिलेलं '१२ व्होल्ट, २०० अॅम्पिअर-अवर' वाचून त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "म्हणजे रुपयांत किती?" भावाने गुणाकार करून सांगितलं. १२ गुणिले २००, म्हणजे २४०० वॅट-अवर. आणि १००० वॅट-अवर म्हणजे आपल्या बिलावरचं एक युनिट. थोडक्यात, आमच्या अख्ख्या घराची शिल्लक होती २.४ युनिटं. अडीचसुद्धा नाही! त्यातही तळाचे २० टक्के हात लावायचे नाहीत. बाबांच्या भाषेत मिनिमम बॅलन्स. उरले १९२० वॅट-अवर.

मग बाबांनी वहीत खर्चाची बाजू मांडली. चोवीस तासांचा हिशेब असा:

एलईडी दिवे सहा, प्रत्येकी ५ वॅट, पाच तास: १५०.
छतातला पंखा ३० वॅट, आठ तास: २४०.
चार मोबाइल: ६०.
माझा लॅपटॉप, ६० वॅट, चार तास (हो, लॉगिन करायला लागलंच): २४०.
पाण्याचा पंप ६० वॅट, पण दिवसभरात जेमतेम पंधरा मिनिटं: १५.
आणि फ्रीज: ६००.

एकूण १३०५. म्हणजे उन्हाचा एक कण नाही आणि इंजिनही बंद, तरी आम्ही साधारण दीड दिवस काढू शकत होतो. त्या यादीत फ्रीजकडे नीट बघा. चालू असताना तो ५० वॅटच घेतो, जुन्या पिवळ्या बल्बपेक्षाही कमी. पण तो कधी सुट्टी घेत नाही. कोकणातल्या उकाड्यात त्याचा कॉम्प्रेसर दिवसाचा निम्मा वेळ चालतो, आणि निम्मा जवळपास खर्च त्याचाच होतो. गाजावाजा न करता पगार संपवणारा ईएमआय!

यादीत एसी नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेलच. छोटा एसी थंड झाल्यावर मंदावला तरी तासाला सरासरी ७०० वॅट-अवर घेतो असं धरा. आमची सगळी शिल्लक पावणेतीन तासांत साफ. रात्रभरासाठी साडेपाच युनिटं लागतील, आणि खात्यात दोनसुद्धा नाहीत. म्हणजे फोटोत दिसणारा एसी खोटा नसतो. तो चालतो, पण व्हॅन कुणाच्या तरी बोर्डाला जोडलेली असताना. समुद्रकिनारी एकांतात दार उघडं टाकून तारे बघायचे आणि शेजारी एसीही घुमतोय, हे चित्र बहुतेक व्हॅनमध्ये जमत नाही. हे आधी कळलं की निम्मे वाद मिटतात. आईने तिथेच जाहीर केलं, "एसी विसरा. पंखा आणि खिडक्यांना जाळी आहे का, ते बघा."

घाटातली कमाई

पुण्याहून कोल्हापूर, राधानगरी, दाजीपूर करत फोंडा घाट उतरायचा, कणकवलीवरून कसालला यायचं आणि तिथून मालवणचा रस्ता धरायचा. चहा-नाश्ता धरून सहज नऊ-दहा तास. एरवी हा वेळ म्हणजे नुसती कंबर मोडणं. व्हॅनमध्ये मात्र तो कमाईचा असतो. तीस अॅम्पिअरच्या चार्जरमधून तासाला साधारण ४०० वॅट-अवर मागच्या बॅटरीत जमा होतात. सहा तास इंजिन चाललं की रिकामी बॅटरीसुद्धा भरते. आम्ही मालवणात शिरलो तेव्हा मॉनिटर १०० टक्के दाखवत होता.

ह्या मॉनिटरचा एक फंडा सांगण्यासारखा आहे. साध्या लेड-अॅसिड बॅटरीचा अंदाज व्होल्टेजवरून येतो. काही न चालवता ठेवली तर १२.७ म्हणजे भरलेली, १२.२ च्या आसपास म्हणजे निम्मी. लिथियमचं व्होल्टेज मात्र बराच काळ १३ च्या वरच रेंगाळतं आणि शेवटी धाडकन पडतं. त्यामुळे नुसता व्होल्टमीटर असेल तर तो शेवटच्या क्षणापर्यंत 'सब ठीक है' म्हणत राहतो. लिथियमला शंट लागतो. म्हणजे बॅटरीतून आत-बाहेर जाणारा प्रत्येक अॅम्पिअर मोजणारा कॅशियर. व्हॅन घेताना टक्के दाखवणारा मीटर आहे का, हे विचाराच.

सोलरवरची सोलकढी

मालवण बाजारात आई नारळ आणि कोकम घेऊन आली. ताजे बांगडेही. आता खोबरं वाटायचं म्हणजे मिक्सर, आणि मिक्सर ७५० वॅटचा. भाऊ घाबरला, "इतका मोठा लोड?" बाबांनी वहीत पाहिलं. ७५० वॅट, पण तीन मिनिटं. म्हणजे जेमतेम ४० वॅट-अवर. लॅपटॉपवर अर्धा-पाऊण तास काढला तर तेवढेच जातात.

वॅट आणि युनिट ह्यांतला हा फरक व्हॅनमध्ये जेवढा कळतो तेवढा शाळेत कळला नव्हता. वॅट म्हणजे नळाची धार, युनिट म्हणजे बादली. मिक्सरची धार मोठी पण क्षणभराची, फ्रीजची बारीक पण दिवसभराची. बादली रिकामी करतो तो फ्रीज. पण पाइप फोडू शकते ती मोठी धार. १५०० वॅटची किटली १२ व्होल्टवर चालवायची तर इन्व्हर्टर बॅटरीतून १४० अॅम्पिअरच्या आसपास ओढतो. घरातल्या प्लगमधून जास्तीत जास्त १६ अॅम्पिअर येतात, हे आठवा. म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली केबल अंगठ्याएवढी जाड आणि शक्य तितकी आखूड असते, आणि बॅटरीला लागूनच फ्यूज असतो. ही केबल बारीक किंवा हाताला गरम लागत असेल, तर व्हॅन घेऊ नका. चहा आम्ही गॅसवरच केला, खिडकी उघडी ठेवून.

इन्व्हर्टरची अजून एक खोड. त्याला काहीही जोडलेलं नसलं तरी तो नुसता चालू राहण्यासाठी १५-२० वॅट खातो. चोवीस तास विसरला तर पावणेपाचशे वॅट-अवर गायब, जवळजवळ फ्रीजइतके. म्हणून मिक्सर झाला, इन्व्हर्टर बंद. दिवे, पंखा, पंप, फ्रीज आणि यूएसबी थेट १२ व्होल्टवरच चालतात, त्यांना इन्व्हर्टर लागतच नाही. सोलकढी मात्र फक्कड झाली होती.

माडाखाली की उन्हात?

तारकर्लीला गाडी लावताना खरी गंमत सुरू झाली. छतावर २०० वॅटची दोन पॅनल. फेब्रुवारीच्या स्वच्छ उन्हात ती दिवसाला साधारण १२०० ते १३०० वॅट-अवर देतात. म्हणजे आमचा दिवसाचा खर्च जवळपास तिथल्या तिथे भरून निघणार. अट एकच, ऊन. आणि तारकर्लीच्या वाडीत ऊन सोडून सगळं आहे! माड, सुरू, आंबा, फणस. गाडी सावलीत लावा तर आत गारवा, पण पॅनलवर झावळ्यांच्या पट्ट्या. आणि सोलर पॅनल हे प्रकरण सावलीला भलतंच हळवं असतं. त्यातल्या पेशी माळेसारख्या एकामागून एक जोडलेल्या असतात. एका झावळीने दोन-चार पेशी झाकल्या तरी अख्ख्या पट्टीचं काम अडतं. दहा टक्के सावली म्हणजे दहा टक्के तोटा, असा सरळ हिशेब तिथे चालत नाही.

उन्हात लावा तर पॅनल खूश, पण व्हॅन भट्टी आणि फ्रीज धापा टाकणार. आणि तिसरी गोष्ट वाडीतल्या आजोबांनी वर बोट दाखवून सांगितली, "माडाखाली नको. नारळ बघून पडना नाय."

आम्ही मधला मार्ग काढला. सकाळी नऊ ते एक उन्हात, त्या वेळात आम्ही समुद्रावर. दुपारी गाडी आंब्याच्या सावलीत. दिवसभरात ६०० वॅट-अवर जमा झाले, निम्मेच, पण बाबांचा फ्रीज ४ अंशांवर स्थिर राहिला. रोज सकाळी पॅनलवरून ओलं फडकं फिरवणं हे भावाचं काम. खारी हवा आणि कावळे, दोघंही आपली सही करून जातात. खाऱ्या हवेने बॅटरीच्या टर्मिनलवरही हिरवट-पांढरी पूड धरते. तिथला जोड सैल झाला की करंट अडतो आणि जोड तापतो. टर्मिनल घट्ट करून वर पेट्रोलियम जेली लावली की काम होतं.

काकूंचा बोर्ड

दुसऱ्या संध्याकाळी देवबागला गेलो. एका बाजूला कर्ली नदी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मधे जमिनीची चिंचोळी पट्टी. रस्ता अरुंद, वर वायरी, त्यामुळे भाऊ पुढे चालत आणि गाडी मागून. सिंधुदुर्ग हा १९९७ साली जाहीर झालेला देशातला पहिला पर्यटन जिल्हा. राज्याने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरणही आणलं. पण आमच्यासाठी कॅराव्हॅन पार्क म्हणजे एका होमस्टेचं अंगण आणि तिथल्या काकूंच्या स्वयंपाकघरातला बोर्ड.

कुणाच्याही बोर्डाला वायर लावण्याआधी एक गोष्ट बघायचीच. अर्थिंग. व्हॅन म्हणजे पत्र्याचा डबा, रबरी चाकांवर उभा. आत कुठे फेजची वायर पत्र्याला टेकली तर अर्थिंगशिवाय तो करंट जमिनीत जाऊ शकत नाही. तो दबा धरून बसतो. मग कुणी तरी ओल्या वाळूवर अनवाणी उभं राहून दाराची कडी धरतं आणि तो माणूसच वायर होतो. बाजारात तीन दिव्यांचा छोटा सॉकेट टेस्टर मिळतो. भावाने तो ओसरीतल्या सॉकेटमध्ये घातला तर अर्थिंगचा दिवा गप्प. स्वयंपाकघरातल्या सॉकेटला मात्र तिन्ही व्यवस्थित. तिथूनच वायर घेतली. व्हॅनमध्ये ३० मिलिअॅम्पिअरचा आरसीसीबी होता, त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो ना, तेही बघितलं. एक्स्टेंशनची रीळ पूर्ण उलगडली, कारण गुंडाळलेली वायर लोडवर तापते.

काकूंना भीती होती आमच्यामुळे त्यांचा फ्यूज उडेल ह्याची. भावाने समजावलं की आमचा चार्जर ४०० वॅटच्या आसपास घेतो, मिक्सरहून कमी. एसी लावणार नव्हतोच. काकू हसल्या, "मगे लावा. तुमच्या गाडयेक किती तो खर्च!"

देवबागात अंधार

दहा मिनिटं चार्जिंग झालं असेल-नसेल, आणि लाइट गेली. अख्ख्या वाडीची. कुठे तरी सुरूची फांदी तारेवर पडली होती. काकूंना त्याचं काही नव्हतं. "हय लायट जाता-येता, नवाल नाय." पण त्यांच्या फ्रीजमध्ये दुसऱ्या दिवशीच्या पाहुण्यांसाठी आणलेली सुरमई होती आणि बर्फ संपलेला.

आमच्या व्हॅनमध्ये दिवे लखलखत होते. भावाला सुचलं, वायर आहेच जोडलेली, आता उलटी वीज द्यायची. आमच्या इन्व्हर्टरची वायर त्यांच्या सॉकेटमध्ये घातली की सगळं घर उजळेल. शेजारचे दादा, होड्यांवर इंजिन आणि वायरिंगची कामं करणारे, अंधारातून ओरडलेच, "अरे झिला, असा करू नको हां! वर लायनीर माणूस आसतलो!"

हे वाक्य मी ऑफिसात टेबलासमोर चिकटवणार आहे. घराच्या सॉकेटमध्ये बाहेरून वीज ढकलली तर ती घरातच थांबत नाही. मीटरमधून उलटी खांबावर जाऊ शकते आणि ट्रान्सफॉर्मर तिला पुन्हा हजारो व्होल्टची करतो. तिथे जो माणूस 'लाइन बंद आहे' म्हणून चढलाय, त्याच्या हातात ती जाते. आपल्या अंगणातल्या एका बल्बसाठी त्याचा जीव. जनरेटर असो, इन्व्हर्टर असो, व्हॅन असो, घराच्या वायरिंगला तो मेन लाइन तोडणाऱ्या चेंजओव्हर स्विचशिवाय कधीही जोडायचा नाही.

दादांनीच सरळ उपाय सांगितला. आमच्या व्हॅनची वायर भिंतीतून काढायची, आणि काकूंचा फ्रीज भिंतीतून काढून वेगळ्या एक्स्टेंशनने थेट आमच्या इन्व्हर्टरला लावायचा. घराच्या वायरिंगशी संबंधच नाही.

आता प्रश्न पासबुकाचा. मॉनिटरवर ७० टक्के, म्हणजे १६८० वॅट-अवर. मिनिमम बॅलन्स ४८० वजा केला, उरले १२००. सकाळी नऊपर्यंत आपला फ्रीज ३२५, पंखा २४०, दिवे आणि मोबाइल १२०. म्हणजे ६८५ आपले. शिल्लक ५१५. काकूंचा फ्रीज चालताना १५० वॅट, निम्मा वेळ धरला तर तासाला ७५, वर इन्व्हर्टरचा खर्च २०. चार तासांचे साधारण ३८०. बाबांनी टॉर्चच्या उजेडात वही मिटली आणि म्हणाले, "चार तासांचं कर्ज मंजूर. तारण नको." इन्सुलिन हातात घेऊन बसलेला माणूस हे म्हणत होता, ह्याची मला फार मजा वाटली आणि थोडं भरूनही आलं. हिशेब माहीत नसता तर आम्ही भीतीपोटी नाही म्हणालो असतो, किंवा उत्साहात हो म्हणून पहाटे स्वतःचाच फ्रीज बंद पाडला असता.

त्या चार तासांत काकू ओसरीवर बसून २०२१ च्या मे महिन्यातल्या तौक्ते वादळाबद्दल बोलत होत्या. खांब आडवे, माड आडवे, आणि कित्येक दिवस लाइट नाही. मोबाइल चार्ज करायला लोक कुणाची गाडी, कुणाच्या होडीची बॅटरी शोधत फिरत होते. "तेवा कळला, बटन दाबल्यार येता ती लायट खयसून येता," त्या म्हणाल्या. आमच्या सगळ्या ट्रिपचं सार त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं. साडेअकराला लाइट आली. मॉनिटरवर तेव्हा ४५ टक्के उरले होते, आणि आमची वायर परत स्वयंपाकघरातल्या बोर्डाला गेली.

होडीतली शाळा

सकाळी दादांनी भावाला होडी दाखवायला नेलं. आणि काय सांगू, तिथे आमचीच व्हॅन पाण्यावर उभी होती! इंजिनला अल्टरनेटर, त्याला बॅटरी, बॅटरीवर दिवे, जीपीएस, वायरलेस, मासे दाखवणारा फिशफाइंडर. बॅटरी पाण्यापासून वर, घट्ट बांधलेली, टर्मिनलवर ग्रीस. स्टार्टची बॅटरी वेगळी, कारण बारा मैल आत इंजिन उठलं नाही तर धक्का मारायला कुणी येत नाही. आपण ज्याला कॅम्पर व्हॅनचं टेक्निक म्हणतो, ते इथल्या माणसांना वर्षानुवर्षं पाठ आहे.

परतताना सिंधुदुर्ग किल्ला केला. १६६४ साली बांधायला घेतलेला. चहूबाजूंनी खारं पाणी, आणि तटाच्या आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव ह्या तीन गोड्या पाण्याच्या विहिरी. बाबा साखरबावेपाशी बराच वेळ उभे होते. मग म्हणाले, "बाहेर कितीही असू दे, आत किती आहे ते माहीत पाहिजे." चौथ्या दिवशी पुण्यात पोचलो तेव्हा इन्सुलिन ४ अंशांवर होतं.

बुकिंग करण्याआधी हे विचारा

बॅटरी किती अॅम्पिअर-अवरची आणि कुठल्या प्रकारची? १२ ने गुणा, लेड-अॅसिड असेल तर निम्मे धरा, लिथियम असेल तर ८० टक्के.

फ्रीज १२ व्होल्टचा कॉम्प्रेसरवाला आहे की घरगुती, इन्व्हर्टरवर चालणारा? बहुतेक १२ व्होल्टच्या फ्रीजमध्ये बॅटरी वाचवण्यासाठी आपोआप बंद होण्याची सोय असते. ती 'हाय'वर असेल तर बॅटरीत जीव असूनही फ्रीज लवकर बंद पडतो. घरच्या बॅटरीवर ती 'लो' किंवा 'मीडियम'ला ठेवा. वायर बारीक आणि लांब असली तरी तोच प्रकार होतो. औषधं नेत असाल तर फ्रीजमध्ये वेगळा थर्मामीटर ठेवा, आणि इन्सुलिन गोठणाऱ्या भागाला चिकटवू नका. एकदा गोठलं की ते फेकून द्यावं लागतं.

एसी फक्त प्लगवर की बॅटरीवरही? बॅटरीवर असेल तर किती तास? आकडा मिळाला नाही तर उत्तर 'प्लगवर' असं समजा.

सोबत काय घ्याल? सॉकेट टेस्टर, जाड तीन पिनांची एक्स्टेंशन, जादा फ्यूज, टॉर्च आणि फडकं. गाडी पुळणीत घालू नका. रुतलेली व्हॅन बाहेर काढायला अख्खी वाडी लागते.

आणि एक वही. बँकवाले बाबा सोबत असतील तर उत्तमच.